बोरा

किल्ल्या हातात ठेवताना नेरीना कोसुता म्हणाली,
बोरा आली की खिडक्या घट्ट लावून घे.
मला वाटलं, असेल तिची कुणी बहीणबिहीण,
भाडं न्यायला येणारी.
बोर म्हटलं की मला शाळेच्या फाटकाबाहेरची,
तिखटमीठ लावलेली तेवढीच ठाऊक.

नोव्हेंबरात आली.
बाल्कनीतला यांचा टॉवेल घेऊन गेली,
गल्लीतल्या कचरापेट्या ओळीने आडव्या पाडल्या,
आणि सकाळी त्रिएस्तेच्या प्रत्येक कोपऱ्यावर
मोडक्या छत्र्या, काड्या वर करून,
मेलेल्या वटवाघळांसारख्या.

पूर्वी म्हणे चढावर दोर बांधायचे,
धरून धरून चालायला.
आमच्याकडे माणसाला वाऱ्यावर सोडतात,
तुमच्याकडे वाऱ्यात दोर देतात,
असं सांगायचं होतं नेरीनाला.
पण माझं इटालियन तेव्हा भाजीपुरतंच,
आणि त्यातही कोथिंबीर नव्हती.

हे सकाळी टेकडीवरच्या संस्थेत, समीकरणांकडे.
मी खाली बंदरावर.
पहिल्या महिन्यात दुधाची कॉफी मागितली
तर भलतंच काहीतरी आलं, वाडगाभर.
आता एगॉन मला दारात बघूनच यंत्राकडे वळतो.
काचेचा इवलासा पेला, दोन घोट, वर फेसाचा ठिपका.
उभ्याउभ्याच प्यायची.
बसलं की पैसे जास्त,
आणि बसून करायचं तरी काय,
दहा महिन्यांचा मुक्काम, त्यातले सहा अजून समोर.

एप्रिलात झोरा आम्हाला पठारावर घेऊन गेली.
तिठ्यावर खांबाला हिरवी डहाळी टांगलेली, खाली लाल बाण.
मी म्हटलं, कुणाकडे लग्न आहे का?
नाही, म्हणाली, शेतकऱ्याची वाइन तयार झाली की
टांगतात. पिंप रिकामं झालं की काढतात.
अंगणात लाकडी बाकं. उकडलेली अंडी.
हे वाइनचा एक घोट घेऊन चिंच खाल्ल्यासारखे झाले.

तिथे झोरा तिच्या आजोबांचं बोलली.
घरात स्लोव्हेन बोलायचे, एवढाच गुन्हा.
एका दुपारी कचेरीत बोलावून
आडनावाचं शेपूट कापलं, इटालियन शेपूट लावलं.
मेले तोवर सही करताना हात अडायचा.

मी अंडं सोलत होते.
म्हटलं, माझंही बदललंय. आडनाव तर गेलंच, नावसुद्धा.
लग्नात. ताटात तांदूळ पसरून
अंगठीने लिहितात नवीन.
सगळे हसत होते, पेढे वाटले.
मग ते तांदूळ?
बहुतेक भातात गेले असतील, मी म्हटलं.
आणि आधीचं काय होतं?

एकतीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
कुंदा, मी म्हटलं,
आणि सांगताना थोडी चुकले की काय असं वाटलं.
कुंदा, झोरा म्हणाली. सोपं आहे.

जूनमध्ये नेरीनाने समुद्रावर नेलं.
इथे किनाऱ्याच्या मधोमध पांढरी भिंत:
इकडे बायका, तिकडे पुरुष, फार जुनी पद्धत.
जोडपी फाटकाशी सुटी होतात
आणि कुणाची काही तक्रार नाही.
अलीकडे ऐंशीच्या बाया
पोटावरचे व्रण उन्हाला देऊन पडलेल्या,
पत्ते, पीच, कुणाच्या तरी सुनेची उणीदुणी.
शब्द कळत नव्हते, पण सून बरोबर कळत होती.

बाराच्या सुमारास भिंतीवरून आवाज आला:
अगं, डबा कुणाकडे आहे?

सगळ्या बायका माझ्याकडे बघू लागल्या.

भिंत पाण्यात थोडीच जाते, मग संपते.
मी डबा डोक्यावर धरून गेले.
पलीकडून हे आले, छातीभर पाण्यात,
केस कपाळाला चिकटलेले, चष्मा नाही.
लग्नाआधीचं माझं नाव आठवतं का?
न आठवायला काय, म्हणाले, पत्रिकेत होतं की.
मग मार हाक एकदा.

यांनी आधी मागे वळून पाहिलं,
कुणी मराठी तर नाही ना.